वाढत्या मुलांचे खाणे : घराने काय ठरवावे, मुलाने काय ठरवावे

वाढत्या वयाच्या मुलांच्या खाण्याविषयी पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांत दोन तक्रारी परस्परांच्या अगदी उलट आहेत. तीन वर्षांचे मूल काही खातच नाही, दोन घास घेऊन पानावरून उठते, ही एक; आणि पंधरा वर्षांचा मुलगा सहा पोळ्या खाऊनही तासाभराने स्वयंपाकघरातले डबे उघडत फिरतो, ही दुसरी. अनेक घरांत या दोन्ही तक्रारी एकाच मुलाविषयी, दहा-बारा वर्षांच्या अंतराने होतात आणि बहुतेकदा ते मूल दोन्ही वयांत निरोगीच असते. तिसऱ्या एका गोष्टीची मात्र तक्रार सहसा होतच नाही : वयात येणारी मुलगी गरजेपेक्षा कमी जेवते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. पोळ्या मोजून या तिन्हींचा उलगडा होत नाही, कारण मुलाला अन्न पुरते की नाही याचा पुरावा ताटात नसून त्याच्या वाढीत असतो.

म्हणून पालकांनी कामाची एक साधी वाटणी लक्षात ठेवावी. ताटात काय असावे, ते कोणत्या वेळी आणि कोठे बसून खावे हे घराने ठरवावे. त्यातले किती खावे हे मुलाने ठरवावे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही वाटणी आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही वाटणी आपल्या घरात ठीक चालली आहे की नाही, हे वजन-उंचीच्या नोंदीवरून तपासत राहावे.

भूक वयाप्रमाणे का बदलते

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. वाढीचा हा वेग पुढे टिकत नाही. दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण दोन ते तीन किलो आणि पाच ते सात सेंटिमीटर एवढेच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते, आणि नेमक्या त्याच सुमारास मूल चालू-बोलू लागल्याने त्याचे लक्ष जेवणाबाहेर शंभर ठिकाणी जाते. पुढे वयात येताना वेग पुन्हा चढतो. मुलींमध्ये हा जोराचा काळ बहुधा अकरा-बारा वर्षांच्या आसपास आणि मुलांमध्ये सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. या काळात मुलाची उंची एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरही वाढू शकते. शरीर ज्या वर्षी एवढे बांधकाम काढते, त्या वर्षीची भूक मागच्या वर्षीच्या मापाने मोजणे चुकीचे आहे.

वयोगटानुसार गरज

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठी पोषणाच्या गरजा नव्याने ठरवल्या. पुढील यादीत दिवसाची ऊर्जा किलोकॅलरीत, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या उष्णतेच्या मापात, आणि प्रथिने, म्हणजे शरीर बांधणारे अन्नघटक, ग्रॅममध्ये दिली आहेत.

- १ ते ३ वर्षे : सुमारे १,०१० किलोकॅलरी, १२ ग्रॅम प्रथिने
- ४ ते ६ वर्षे : १,३६०, १६ ग्रॅम
- ७ ते ९ वर्षे : १,७००, २३ ग्रॅम
- १० ते १२ वर्षे : मुलगे २,२२०, मुली २,०६०, दोघांनाही ३२-३३ ग्रॅम
- १३ ते १५ वर्षे : मुलगे २,८६०, मुली २,४००, अनुक्रमे ४५ आणि ४३ ग्रॅम
- १६ ते १८ वर्षे : मुलगे ३,३२०, मुली २,५००; अनुक्रमे ५५ आणि ४६ ग्रॅम

या आकड्यांशेजारी मोठ्यांचे आकडे ठेवले की घरातले बरेच वाद मिटण्यासारखे आहेत. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची गरज २,११० आणि स्त्रीची १,६६० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे कार्यालयात बसून काम करणाऱ्या वडिलांपेक्षा सतरा वर्षांच्या मुलाला दीडपटीहून जास्त अन्न लागते, आणि चौदा वर्षांच्या मुलीलाही वडिलांपेक्षा जास्त लागते. "एवढे तर मोठी माणसेही खात नाहीत" हा टोमणा खरा असला, तरी त्यातून मूल अधाशी आहे असे सिद्ध होत नाही.

हे आकडे त्या वयाच्या सरासरी वजनाच्या आणि नेहमीची हालचाल असलेल्या मुलासाठी आहेत. रोज दोन तास कबड्डी किंवा फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला यापेक्षा जास्त आणि शिकवणी व मोबाईल यांतच दिवस घालवणाऱ्याला कमी लागेल. त्यामुळे ही यादी भिंतीवर लावून रोजचा घास मोजण्यासाठी वापरू नये; आपला अंदाज फारच कमी किंवा फारच जास्त नाही ना, एवढे पाहण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

आकड्यांवरून ताटाकडे

मध्यम आकाराच्या एका फुलक्याला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते आणि त्यातून सुमारे ८० किलोकॅलरी मिळतात. तेल लावलेल्या पोळीतून शंभरच्या पुढे. ज्वारीच्या एका बऱ्यापैकी भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागत असल्याने तिच्यातून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे "माझा मुलगा दोनच भाकरी खातो" आणि "माझा मुलगा पाच फुलके खातो" ही दोन्ही विधाने जवळजवळ एकच आहेत. वाटीभर भातासाठी ३० ग्रॅम तांदूळ धरले तर त्यातून शंभरएक, ३० ग्रॅम डाळीतून शंभर किलोकॅलरी व सात ग्रॅम प्रथिने, एका अंड्यातून सत्तर-पंचाहत्तर किलोकॅलरी व सहा ग्रॅम प्रथिने, आणि चहाच्या चमचाभर तेलातून ४५ किलोकॅलरी मिळतात.

या हिशेबाने पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा एक दिवस मांडून पाहावा. सकाळी दोन थालीपिठे, लोण्याचा लहान गोळा, एक अंडे आणि पेलाभर दूध. शाळेच्या डब्यात चार पोळ्या व भाजी. शाळेतून आल्यावर मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि दोन केळी. रात्री दोन भाकरी, उसळ, वरण-भात आणि वाटीभर ताक किंवा दही. निजताना पुन्हा अर्धा पेला दूध. एवढ्याची बेरीज २,८०० किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे त्याच्या गरजेइतकी, भरते. यातले संध्याकाळचे खाणे वगळले तर चारशे किलोकॅलरी कमी पडतात. मग मूल त्या वडापाव किंवा चिप्सच्या पाकिटातून भरून काढते, किंवा रात्री उशिरा फडताळ धुंडाळते.

लहान मूल "खात नाही" तेव्हा

एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एका जेवणावरून निष्कर्ष काढू नये. १९९१ साली अमेरिकेत लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचे खाणे सहा दिवस मोजले; तेव्हा प्रत्येक जेवणातील प्रमाण सरासरीच्या एकतृतीयांशाएवढे कमी-जास्त होत होते, पण दिवसभराच्या बेरजेतला फरक सुमारे दहा टक्केच होता. मूल दुपारी न जेवता संध्याकाळी भरपाई करते, आणि ही भरपाई त्याचे शरीर न शिकवता करते. मधे कोणी जबरदस्तीने भरवले, तर पोट भरल्याची स्वतःची खूण ओळखण्याची सवय मात्र मोडते.

या वयासाठी पुढील पद्धत उपयोगी पडते.

- दिवसातून तीन जेवणे आणि दोन वेळा मधले खाणे अशा ठरलेल्या पाच वेळा ठेवाव्यात व दोन वेळांत अडीच-तीन तासांचे अंतर राखावे. मधल्या काळात पाण्याशिवाय काही देऊ नये. एक बिस्किट, अर्धा कप दूध, पेरूची फोड असे सतत चालू राहिले तर जेवणाच्या वेळी भूक असण्याचे कारणच उरत नाही.
- पहिल्या वेळी थोडेच वाढावे : पाव पोळी, दोन चमचे वरण-भात, चमचाभर भाजी. मूल मागेल तेव्हा पुन्हा वाढावे. भरलेले ताट पाहून लहान मूल दबते.
- ताटात मुलाला आवडणारी एक गोष्ट नेहमी असावी. नवी भाजी शेजारी चिमूटभर ठेवावी आणि त्याने ती नाकारली तरी काही दिवसांनी पुन्हा ठेवावी. नवा पदार्थ स्वीकारायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा तो पाहावा-चाखावा लागतो. दोनदा नाकारलेली दोडक्याची भाजी "त्याला चालत नाही" म्हणून कायमची बंद करणे ही घाई होय.
- जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपले असे धरावे आणि न रागावता ताट उचलावे. पुढची वेळ येईपर्यंत वेगळा पदार्थ करून देऊ नये.
- अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे यांसारखे पदार्थ चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतू शकते. शेंगदाण्याचे कूट, फुटाण्याचे पीठ, चिरलेली द्राक्षे द्यावीत.

मोबाईल दाखवून भरवण्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ही सवय आता शहरांपुरती राहिलेली नाही. पडद्याकडे पाहणारे मूल तोंड उघडते, गिळते आणि आईला ताट रिकामे झाल्याचे समाधान मिळते. परंतु त्या वेळी मूल चव, वास, चावणे आणि पोट भरणे यांपैकी कशाकडेही लक्ष देत नसते. असे भरवलेले मूल पुढे एक तर हाताने जेवायला तयार होत नाही, किंवा पडद्यासमोर भुकेपेक्षा जास्त खाऊ लागते. ही सवय सोडवताना पहिले चार-पाच दिवस मूल कमी खाईल, हे गृहीत धरून सुरुवात करावी आणि आजी-आजोबांसह घरातील सर्वांना ते आधी सांगून ठेवावे. निरोगी मुलाने काही दिवस कमी खाल्ल्याने त्याचे नुकसान होत नाही; एकाने बंद केलेला मोबाईल दुसऱ्याने कळवळून हातात दिला की मात्र सगळी मेहनत वाया जाते.

पानात टाकू नये, ही शिकवण आपल्याकडे मोलाची मानली जाते आणि ती तशीच राहावी. पण मोठ्यांनी स्वतःच्या अंदाजाने वाढलेले ताट मुलाने संपवावे, असा तिचा अर्थ लावला तर मूल भूक नसताना खायला शिकते. थोडे वाढणे, हवे असल्यास मागून घेणे, आणि मागून घेतलेले मात्र संपवणे या क्रमाने शिकवले तर अन्नाचाही मान राहतो आणि मुलाच्या भुकेचाही.

दहा वर्षांनंतरची भूक

या वयातील भुकेला शिस्त लावण्यापेक्षा तिची तजवीज करणे जास्त उपयोगाचे आहे, आणि तजवीज म्हणजे आधी हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तृणधान्याचे, म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांचे, रोजचे प्रमाण ४ ते ६ वर्षांसाठी १२० ग्रॅम, ७ ते ९ वर्षांसाठी १८० ग्रॅम, १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी ३३० ग्रॅम आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलासाठी ४५० ग्रॅम दिले होते. बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी ३७५ आणि स्त्रीसाठी २७० ग्रॅम. आई-वडील, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी अशा घराला महिन्याला सुमारे २८ किलो धान्य पुरते. नऊ वर्षांनी, तीच मुले सतरा आणि चौदा वर्षांची झाली की, तेच घर सुमारे ४३ किलोवर जाते. घरात नवे माणूस आलेले नसते, तरी धान्याचा खर्च दीडपट झालेला असतो. हे आधीच ध्यानात घेतले नाही तर वाढलेल्या किराणा बिलाचा राग मुलाच्या ताटावर निघतो. २०२४ च्या नव्या तत्त्वांत एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच तृणधान्यातून घेऊन डाळी, भाज्या, फळे व दाण्यांचा वाटा वाढवण्यावर भर आहे, म्हणून वरील आकडे धान्याची कमाल मर्यादा समजावेत आणि जमेल तितका खर्च डाळी-उसळींकडे वळवावा.

वाढत्या भुकेसाठी घरात पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात. त्या महाग नाहीत आणि बाहेरच्या खाण्यापेक्षा पोटात जास्त वेळ टिकतात.

- शेंगदाणे व गूळ, फुटाणे, तिळाचे किंवा राजगिऱ्याचे लाडू. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात.
- सकाळच्या उरलेल्या पोळीचा कुस्करा, दही-भाकरीचा काला, शेंगदाण्याच्या चटणीची गुंडाळलेली पोळी. चौदा वर्षांच्या मुलाला व मुलीला हे स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे.
- मोड आलेले मूग-मटकी, उकडलेली अंडी, सोयाबीनच्या वड्यांची उसळ. कोकणात व गोव्यात मधल्या वेळी पेज घेण्याची रीत आहे. तिच्याबरोबर सुकट किंवा जवळ्याची चटणी असली की प्रथिनांचीही सोय होते.
- केळी, पेरू, चिकू, बोरे, जे त्या हंगामात स्वस्त असेल ते.

शाळा किंवा शिकवणीहून येण्याची वेळ आणि रात्रीचे जेवण यांत चार-पाच तासांचे अंतर असेल, तर संध्याकाळचे खाणे हे चहा-बिस्किटांवर न भागवता चौथे जेवण मानावे. मुलाने मागितले आणि घरात असेल, तर पोळी-भाकरी-उसळ यांवर मोजणी लावू नये. मर्यादा लावायचीच असेल तर ती फरसाण, थंड पेये, बेकरीचे पदार्थ यांना, आणि तीही हे पदार्थ घरात न आणण्याच्या रूपाने लावावी. डब्यात ठेवून कुलूप लावलेला पदार्थ मुलाला जास्त हवासा वाटतो.

व्यायामशाळेत जाऊ लागलेली मुले प्रथिनांची पावडर मागतात. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची प्रथिनांची गरज ५५ ग्रॅम आहे; वर मांडलेल्या दिवसातून ती सहज भागते, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या तत्त्वांतही अशा पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. "वाढीसाठी" म्हणून दुधात घालण्याच्या माल्टयुक्त पावडरींत बहुधा साखरेचा वाटा मोठा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये "हेल्थ ड्रिंक" या गटात दाखवू नयेत असे कळवले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा कोणताही प्रकार ठरवलेला नाही. पालकांनी डब्याच्या मागील बाजूचा तक्ता वाचून शंभर ग्रॅममागे साखर किती ते पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.

मुलीचे ताट

मुलींच्या वाढीचा वेग पाळी सुरू होण्याच्या आधीच सर्वांत जास्त असतो, म्हणून त्यांची मोठी भूक दहा ते तेरा या वयात दिसते. नेमक्या याच वयात "आता जरा जपून खा" हे सांगणे सुरू होते, आणि मुलगी स्वतःही आरशाकडे, मैत्रिणींकडे व पडद्यावरच्या देहांकडे पाहून पोळी अर्धी करू लागते. या वयात कंबर, मांड्या भरणे हा वाढीचाच भाग आहे. त्याला लठ्ठपणा समजून जेवण तोडू नये. पाळी सुरू झाल्यावर उंची थांबते हा समजही अपुरा आहे. त्यानंतरही बहुतेक मुली काही सेंटिमीटर वाढतात आणि त्यासाठी त्यांना अन्न लागते.

लोहाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागते. दहा ते बारा वर्षांच्या मुलीची गरज २८ मिलिग्रॅम आणि त्यापुढील तीन वर्षांत ३० मिलिग्रॅम होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. थकवा, चिडचिड, अभ्यासात मन न लागणे, जिना चढताना धाप लागणे यांना आळस म्हणून बाजूला सारण्याआधी रक्ताची साधी तपासणी करावी. घरात पुढील बदल करता येतात.

- उसळ, अंडी, मासे, मटण यांतला मुलीचा वाटा सर्वांना वाढण्याआधी बाजूला काढावा. जिथे पुरुष आधी आणि बायका-मुली शेवटी जेवतात, तिथे मुलींच्या वाट्याला रस्सा उरतो. सर्वांनी एकत्र जेवायला बसणे हा याहून चांगला मार्ग आहे.
- पालेभाजी, बाजरी, उसळ यांवर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा, पेरू द्यावा. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोह अंगी लागते. जेवणानंतर तासभर तरी चहा देऊ नये, कारण तो लोहाचे शोषण रोखतो.
- शाळेत किंवा अंगणवाडीत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलगी खरोखर घेते का ते विचारावे. मळमळ होत असेल तर ती जेवणानंतर घ्यायला सांगावी. शौचाचा रंग काळपट झाला तरी भीतीचे कारण नाही.
- परीक्षेसाठी किंवा नवसासाठी केलेले उपवास साबुदाण्यावर काढू नयेत. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. राजगिरा, भगर, दूध, दही, शेंगदाणे यांवर भर द्यावा.

दूध किती

दूध चांगले असले तरी जितके जास्त तितके चांगले असे नाही. पाच वर्षांखालील मुलाने दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध घेतले तर पोट दुधानेच भरते, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसल्याने असे गोबरे दिसणारे मूलही रक्तक्षयी असू शकते. वर्षाच्या पुढे बाटली बंद करून पेला द्यावा. उलट, मोठ्या मुलांचे दूध अनेक घरांत चहात विरून जाते. त्यांना कॅल्शियम दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागते. दूध-दही परवडत नसेल तर नाचणी (शंभर ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमहून अधिक), तीळ, राजगिरा, आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांतून ते मिळवता येते.

वाढ मोजणे

पाच वर्षांपर्यंत दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्यावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात ते टिपले जाते याची खात्री करावी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी वजन व उंची मोजून डॉक्टरांकडील, भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली तयार केलेल्या वाढीच्या आलेखावर नोंदवावी. आलेखातील कोणत्या रेषेवर मूल आहे यापेक्षा ते आपल्या रेषेच्या बाजूने पुढे सरकते आहे का, हे महत्त्वाचे असते. आई-वडील ठेंगणे असतील आणि मूल खालच्या एका रेषेला धरून सातत्याने वाढत असेल, तर शेजारच्या उंच मुलाशी तुलना करून त्याला जास्त भरवू नये. वजन मात्र उंचीपेक्षा फार वेगाने वर जात असेल, तर मुलाचेच जेवण तोडण्याऐवजी सबंध घराचे तळलेले, गोड व पाकीटबंद खाणे कमी करावे आणि मुलाचे मैदानात जाणे वाढवावे. वाढत्या वयात उपाशी ठेवून वजन उतरवणे धोक्याचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

- भरपूर खाऊनही वजन घटणे, त्याबरोबर सतत तहान व वारंवार लघवी : हा बालवयातील मधुमेह असू शकतो, त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी.
- पाच वर्षांखालील मुलाचे वजन लागोपाठ दोन-तीन महिने न वाढणे. मोठ्या मुलाची उंची वर्षात चार सेंटिमीटरही न वाढणे.
- माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ. ही बहुधा लोहाच्या कमतरतेची खूण असते.
- वारंवार जुलाब, पोट फुगणे, गुदद्वाराला खाज. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची (१० फेब्रुवारी व १० ऑगस्ट) गोळी चुकली असेल तर ती मागून घ्यावी.
- मानेवर, काखेत काळे जाडसर मखमली डाग व वाढते वजन.
- जेवणानंतर न्हाणीघरात जाऊन उलटी करणे, अन्न लपवणे, सर्वांसोबत जेवण्याचे टाळणे, मुलीची पाळी थांबणे. येथे रागावणे किंवा समजूत घालणे पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांची मदत लागते.

शिधा, अंगणवाडी, शाळा आणि पोटगी : हक्क

मुलाची भूक भागवणे ही केवळ घराची जबाबदारी नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याने त्यातील काही वाटा शासनावर टाकला आहे; पोटगीचा हक्क मात्र वेगळ्या कायद्याखाली येतो.

- शिधापत्रिका. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि लहान मूलही पूर्ण व्यक्ती म्हणून मोजले जाते. अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो मिळते. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. ते आठ वर्षांच्या मुलाला जवळजवळ पुरते, पण सतरा वर्षांच्या मुलाच्या गरजेचा तो तिसरा हिस्साच आहे. म्हणूनच धाकट्यांची नावे वेळेवर घालणे महत्त्वाचे. जन्मदाखला व आधार घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात, अर्ज करून पोच घ्यावी. इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली मर्यादा, संपल्याचे सांगितले गेल्यास उत्तर लेखी मागावे. दुकानदाराने धान्य कमी दिल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.
- अंगणवाडी. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार मोफत मिळाला पाहिजे. कुपोषित मुलासाठी हे प्रमाण ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम आहे. घरी दिले जाणारे पाकीट घरातल्या सर्वांत वाटून न टाकता त्या मुलालाच द्यावे.
- शाळा. शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिनांचे जेवण शाळेच्या प्रत्येक दिवशी मिळण्याचा हक्क आहे. नववीपासून हे जेवण थांबते आणि भूक तर त्याच सुमारास वाढत असते, म्हणून आठवी संपताना घराने डब्याची वेगळी तजवीज करून ठेवावी. जेवण न मिळाल्यास कायद्याने अन्नसुरक्षा भत्ता देय ठरतो. तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न लागल्यास राज्य अन्न आयोगाकडे करावी.
- पोटगी. आई-वडील विभक्त असतील आणि मुलासाठी पोटगी ठरलेली असेल, तर मूल वाढल्यावर त्याचा खाण्याचा खर्चही वाढतो हे न्यायालयापुढे मांडता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते आणि परिस्थिती बदलल्यास कलम १४६ खाली रकमेत वाढ मागता येते. अर्जासोबत मुलाच्या वयानुसार गरजेचा हिशेब, किराण्याच्या पावत्या आणि शाळेचा दाखला जोडावा. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळू शकतो.